सहल ठरवण्याआधी : राज्य दिव्यांग आयुक्तांस अनावृत पत्र

मुक्काम आळे, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे

दिव्यांग व्यक्तींसाठीचे माननीय राज्य आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे, यांस



ज्याने नोकरीची सारी वर्षे महसूल खात्याच्या दफ्तरांत इतरांचे अर्ज वाचण्यात, त्यांवर शेरे मारण्यात आणि ते वरच्या हुद्द्यांकडे रवाना करण्यात घालवली, त्याने उतारवयात स्वतःच अर्जदार व्हावे, आणि तो अर्जही लिफाफ्यात बंद न करता चारचौघांसमोर उघडा ठेवावा, ह्यात थोडा औचित्यभंग आहे, हे मी जाणून आहे. तथापि मी मांडणार आहे ती एका घराची कैफियत नव्हे, आणि तिचा निकाल एखाद्या कागदावरील एका शेऱ्याने लागण्यासारखाही नाही. विषय वरवर पाहता क्षुल्लक, किंबहुना चैनीचा वाटेल : स्वमग्न बालकाला घेऊन मनोरंजन-उद्यानात, ज्याला आता शहरात आणि खेड्यातही थीम पार्क म्हणतात तेथे, एक दिवस कसा घालवावा. शाळाप्रवेश, उपचार, दाखले, निर्वाहाचे अनुदान असे निकडीचे विषय आपल्या मेजावर साचलेले असताना हा म्हातारा पाळण्यांविषयी काय लिहीत बसला आहे, असे आपल्या कचेरीतील एखादा कारकून मनात म्हणेल. त्याला माझे एवढेच सांगणे आहे की, कागद ‘किरकोळ’च्या गठ्ठ्यात टाकण्यापूर्वी शेवटपर्यंत वाचावा.

आमचा नातू सहा वर्षांचा आहे. स्वतःचे असे तो थोडेच बोलतो. पण आळेफाट्याच्या बसस्थानकावरील घोषणा, गाडीच्या क्रमांकापासून ‘नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकणमार्गे’पर्यंत, आवाजाच्या खरखरीसह जशाच्या तशा म्हणून दाखवतो, आणि एखादी गाडी त्या क्रमाने गेली नाही तर त्याचा सारा दिवस विसकटतो. १९४३ साली लिओ कॅनर ह्या बालमनोवैद्याने अमेरिकेतील बाल्टिमोर येथून अकरा मुलांची जी निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि ज्यांच्यापासून स्वमग्नतेचा वैद्यकीय इतिहास सुरू होतो असे मानतात, त्यांत भोवतालचे सारे जसेच्या तसे राहावे ह्या मुलांच्या प्रबळ इच्छेची नोंद आहे. ती नोंद वाचताना मला बाल्टिमोर नव्हे, आमचा फाटा दिसला. अशा बालकाच्या दृष्टीने उद्यानाची सहल ही मोठी विचित्र वस्तू आहे. कारण इतरांना जी अपूर्वाई, तीच त्याला धास्ती. पण म्हणून त्याला नेऊच नये, घरी आजीपाशी ठेवून बाकीच्यांनी जावे, हा जो सल्ला आप्तेष्ट सद्भावनेने देतात, तो मला मान्य नाही. फिरणाऱ्या वस्तूंवर ह्या मुलाचे इतके उत्कट प्रेम आहे की, उसाच्या चरकापुढून त्याला हलवणे हे दोन माणसांचे काम असते. आणि फिरणाऱ्या वस्तूंचे अवघे नगर ज्यांनी उभारले, त्यांच्या दारातून नेमक्या ह्याच मुलाने परत यावे, ह्यापरता विपर्यास कोणता?

ह्या सहलीचे यशापयश उद्यानात ठरत नाही, ते आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, सहलीच्या कितीतरी आधी ठरते, ही गोष्ट मी आपल्या ध्यानी आणू इच्छितो. माझी सून संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की पुठ्ठ्याचे हाताच्या पंजाएवढे तुकडे कापून त्यांवर चित्रे काढते अथवा छायाचित्रे चिकटवते : घर, गाडी, टोलनाका, दार, रांग, पाळणा, डबा, पुन्हा पाळणा, गाडी, घर. हे तुकडे चिकटपट्टीने एका लांब पट्ट्यावर ओळीने लावलेले असतात, आणि एकेक गोष्ट आटोपली की नातू तो तुकडा स्वतःच्या हाताने ओरबाडून काढून पिशवीत टाकतो; त्या चर्रकन आवाजात त्याला जे समाधान होते ते आम्हाला जेवणानंतरच्या सुपारीतही मिळत नाही. ही काही आमच्या घरची क्लृप्ती नव्हे. नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७२ पासून विद्यापीठाच्या आश्रयाने चालत आलेल्या ‘टीच’ नावाच्या उपक्रमाने चित्रांच्या वेळापत्रकाची ही रीत जगभर रूढ केली, आणि पुण्याच्या उपचारकेंद्रातून ती आमच्या ओट्यापर्यंत पोचली. परंतु पट्टा तयार करावयास बसले की अडचण उभी राहते ती अशी : ‘दार’ आणि ‘पाळणा’ ह्या दोन चित्रांच्या मध्ये प्रत्यक्षात काय काय आहे, ते आम्हाला कोणी सांगत नाही. तेथे पहारेकरी अंगाला हात लावून झडती घेतो काय? मनगटाला कागदी पट्टा बांधतात काय, आणि तो दिवसभर काढता येत नाही काय? रांग सावलीत आहे की उन्हात, आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे असलेल्या त्या नागमोडी वाटेतून मध्येच बाहेर पडण्यास जागा आहे काय? कोणत्या खेळात अकस्मात अंधार होतो, कोठे तोंडावर पाणी उडते, कोठे धूर सोडतात? जाहिरातीत हसणारी तोंडे पुष्कळ असतात. ह्या प्रश्नांचे उत्तर त्या तोंडांत नसते.

एका उद्यानाची हकीकत सांगतो; त्याचे नाव घेत नाही, कारण तक्रार त्याच्यापुरती नाही, आणि ते काही राज्यातील मोठ्या नामांकित उद्यानांपैकी नव्हे. माझ्या मुलाने दूरध्वनी करून विचारले की, आपल्या प्रसाधनगृहात हात वाळवण्याची यंत्रे आहेत काय? पलीकडची मुलगी क्षणभर गप्प झाली, आणि मग मोठ्या सौजन्याने तिने कामाच्या दिवशीची सवलत किती टक्के आहे ते सांगितले. तिचा दोष नाही. असा प्रश्न येईल आणि त्याला उत्तर असले पाहिजे, हे तिला तिच्या वरिष्ठांनी शिकवलेच नव्हते. वस्तुतः आमच्या दृष्टीने सबंध उद्यानात त्या यंत्राइतकी महत्त्वाची वस्तू दुसरी नाही. उंचच उंच चक्र गरगर फिरत असताना त्याखाली प्रसन्न मुद्रेने उभा राहणारा हा मुलगा भिंतीवरच्या त्या पेटीने अचानक घोंघावावयास सुरुवात केली की दोन्ही कानांवर तळवे दाबून फरशीवर बसतो, आणि मग त्या दिवसाचे जे काही उरलेले असते ते फरशीवरच संपते. आम्ही गेलो, आणि यंत्र होते.

दारावर आणखी दोन गोष्टी घडल्या. पहिली डब्याची. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ न देण्याचा शिरस्ता बहुतेक उद्यानांत आहे, आणि त्यामागील धंद्याचे कारण मला कळते. पण जे मूल कडक भाजलेल्या बाजरीच्या भाकरीचा पापुद्रा आणि दही ह्यांखेरीज दुपारी काहीही तोंडात घालत नाही, आणि तेही स्वतःच्याच वाटीतून, त्याचा डबा ठेवून घेणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे होय. दुसरी दिव्यांगत्वाच्या दाखल्याची. तो आम्ही रीतसर मिळवलेला आहे. स्वमग्नता मोजण्याच्या चाळीस बाबींच्या भारतीय मोजपट्टीवर प्रत्येक बाबीला एकापासून पाचापर्यंत गुण देऊन, बेरीज करून, शिक्कामोर्तब होऊन तो आमच्या हाती आला. दारावरच्या गृहस्थाने दाखला पाहिला, मुलाकडे पाहिले, आणि म्हटले, “चांगला चालतोय की!” ह्या वाक्यात दुष्टावा नव्हता. ज्याला चाकाची खुर्ची अथवा कुबडी दिसत नाही त्याला अपंगत्वही दिसत नाही, एवढेच. मात्र शेजारच्याच खिडकीवर जादा पैसे भरून रांग टाळण्याचे तिकीट मिळत होते. जी सोय दामाला देता येते ती दाखल्याला का देता येऊ नये, असे मी विचारले, तेव्हा “साहेबांना विचारावे लागेल,” असे उत्तर मिळाले. आणि ते साहेब जेवावयास गेलेले होते.

पाण्याच्या उद्यानांविषयी एकच गोष्ट सांगून पुढे जातो. तेथे सुती कपड्यांस मज्जाव असून नायलॉनचा पोहण्याचा पोशाख सक्तीचा असतो, आणि त्याला गाळणयंत्रे तुंबण्याचे, तसेच सुरक्षिततेचे कारण देतात, ते रास्तही असेल; परंतु अंगाला चिकटणारे कृत्रिम कापड ज्या मुलाच्या त्वचेला निखाऱ्यासारखे लागते त्याच्या आईबापांना हा नियम तिकीट काढल्यावर नव्हे, काढण्यापूर्वी कळला पाहिजे. घरी मोरीत त्या पोशाखाची सवय हळूहळू करता येते, पण तिला काही आठवडे लागतात.

आता आमच्या गावची गोष्ट. ज्ञानेश्वरांनी पैठणास ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याने परतीच्या वाटेवर आळे येथे देह ठेवला, अशी परंपरा आहे. त्याची समाधी आमच्या गावी आहे आणि चैत्रात तेथे मोठी यात्रा भरते. नातू फारसा बोलत नाही म्हणून गावातील कितीतरी वडीलधाऱ्यांनी आम्हाला समाधीला नवस बोलण्यास सुचवले आहे, आणि त्यांच्या श्रद्धेचा मी अनादर करीत नाही. पण त्या कथेचा रोख मुक्याला वाचा फुटण्यावर नसून, ज्याला अधिकार नाही असे ठरवून मोकळे झाले होते त्याच्याविषयी पंडितांना आपला निवाडा फिरवावा लागला ह्यावर आहे, अशी माझी समजूत आहे. त्या अर्थाने ती कथा दिव्यांगांच्या कायद्याच्या बरीच जवळ येते, असो.

यात्रेच्या आधी काही दिवस आकाशपाळणेवाले येतात. मालमोटारीतून लोखंडी कैच्या उतरतात, जमिनीला लाकडी ठोकळ्यांची बैठक देतात, दोर लावून मधला आस चढवतात, आणि मग एकेक पाळणा टांगत, प्रत्येक बोल्टाला वंगण लावत तो प्रचंड सांगाडा पुरा करतात. आमचा नातू ही उभारणी सकाळपासून दिवे लागेपर्यंत पाहतो. पाळण्यांवर रंगवलेले आकडे त्याला पाठ आहेत, आणि त्यांतला एक उलटा टांगला गेला तेव्हा मालकाच्याही आधी त्याच्या ध्यानात आले. यात्रेच्या रात्री मात्र कर्णे, ताशे, भोंगे आणि माणसांचा लोंढा ह्यांच्यात त्याला नेणे अशक्यच. पाळणेवाला नगरकडचा, शाळा बेताची झालेला माणूस. त्याने हे पाहिले, आम्हाला काही न विचारता आदल्या दिवशी दुपारी, माळावर कोणी नसताना, मुलाला बापाच्या मांडीवर बसवून पाळणा संथ सोडला, गाणे लावले नाही, आणि प्रत्येक फेरीला वर जाताना हाताने खूण करून पुढे किती फेऱ्या उरल्या ते दाखवत राहिला. खाली उतरल्यावर मला म्हणाला, “बाबा, गर्दीच्या आधी आणत जा. मला कळवलं की झालं.” पाळणेवाल्याला कोणत्याही अधिनियमाची खबर नव्हती, ज्यांच्या पदरी वकील आणि जनसंपर्क अधिकारी आहेत त्यांना ती आहे, असे मी धरून चालतो.

कारण अधिनियम आहे. २०१६ सालचा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, त्याच्या परिशिष्टातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि त्याचे एकोणतिसावे कलम सांस्कृतिक जीवन व मनोरंजन ह्यांत इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा दिव्यांगांचा हक्क राखण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक संस्थांवर टाकते. शेहेचाळिसाव्या कलमाने सेवा देणाऱ्यांना, मग ते सरकारी असोत वा खासगी, सुगम्यतेचे नियम मुदतीत पाळणे भाग आहे. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी ह्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ही सुगम्यता केवळ शिफारशींवर सोडून चालणार नाही, बंधनकारक असे किमान नियम तीन महिन्यांत केले पाहिजेत. परंतु सुगम्यता म्हटले की अभियंत्याच्या डोळ्यांपुढे उतरण आणि कठडा येतो. आमच्या मुलाला उतरणीची गरज नाही. तो जिना धावत चढतो. त्याला जो जिना चढवत नाही तो आवाजाचा, प्रतीक्षेचा आणि अनपेक्षिताचा आहे, आणि तो बांधकाम खात्याच्या नकाशात दिसत नाही.

परदेशांत काय आहे, हे सांगण्याचा मला सोस नाही. तिकडचे सारे चांगले आणि इकडचे सारे टाकाऊ, ही वृत्ती माझ्या पिढीने पुष्कळ पाहिली. तरी नमुन्यादाखल एवढे सांगणे आवश्यक आहे की, डिस्नेच्या अमेरिकेतील उद्यानांत २०१३ पासून अशी व्यवस्था आहे की, स्वमग्न मूल प्रत्यक्ष रांगेत उभे न राहता दुसरीकडे थांबते आणि नेमून दिलेल्या वेळी खेळापाशी येते. २०१८ साली पेनसिल्व्हेनियातील सेसमी प्लेस ह्या उद्यानाने आपल्या नोकरवर्गास ह्या विषयाचे शिक्षण देऊन तसे प्रमाणपत्र मिळवले. आणि गॅटविक विमानतळाने २०१६ साली, ज्यांचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, गळ्यात घालावयाची सूर्यफुलांची हिरवी फीत काढली, जी पाहिली की कर्मचारी प्रश्न न विचारता थोडा अवधी देतात. टेक्ससमधील सॅन अँटोनिओ येथे एका पित्याने आपल्या मुलीसाठी २०१० साली ‘मॉर्गन्स वंडरलँड’ हे सबंध उद्यानच बांधले. त्याच्या वात्सल्यापुढे मी नतमस्तक आहे. पण आम्हाला वेगळे उद्यान नको. आमच्या नातवाला आपल्या चुलत बहिणीबरोबर, तिच्याच पाळण्यात बसावयाचे आहे. तसाच आम्हाला वर्षातून एक दिवसाचा समारंभही नको. २ एप्रिल ह्या जागतिक स्वमग्नता जागृती दिनी ध्वनिक्षेपक लावून, ढोलताशांच्या गजरात ह्या मुलांना गुलाबपुष्पे देणारे कार्यक्रम मी पाहिले आहेत, आणि कानांवर हात ठेवलेली ती सत्कारमूर्ती मंडळीही पाहिली आहेत.

शांततेची तजवीज आमच्या लोकांना जमत नाही, असे कोणी म्हणू नये. आमच्याच तालुक्यात खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या आवारात दूर आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरींत व्यत्यय नको म्हणून भ्रमणध्वनी बंद ठेवावे लागतात, आणि शेतकरी, विद्यार्थी, पाहुणे सगळेच ही शिस्त पाळतात, कारण ती का पाळावयाची ते त्यांना दाराशीच समजावून सांगितले जाते. नातू तेथे तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहून तबकडी इतकी हळू फिरताना पाहतो की ती फिरते आहे हे आम्हा मोठ्यांना कळतच नाही.

गोराईस एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन-उद्यान उघडले त्यास १९८९ सालापासून मोजले तर पस्तीस वर्षे उलटून गेली. खोपोलीनजीकचे इमॅजिका २०१३ सालचे, आणि २०२२ पासून ते आमच्या शेजारच्या संगमनेरातील मालपाणी उद्योगसमूहाकडे आहे. म्हणजे हा धंदा आता आपल्याकडे पोक्त झाला आहे, आणि काही अंशी आपल्याच मुलुखातील माणसांच्या हाती आहे. खोपोलीस जाण्याचा आमचा बेत आहे. चाकणच्या कोंडीत गाडी थांबली की नातवाचाही तोल सुटतो, म्हणून लांब पडली तरी सदैव चालती राहणारी माळशेज घाट, मुरबाड, कर्जत ही वाट घ्यावयाची, आणि ती पावसाळा सोडून, एवढे आमच्याकडून ठरले आहे. बाकीचे तुकडे कापून ठेवले आहेत. त्यांवर काढावयाची चित्रे आपल्या एका परिपत्रकावर अवलंबून आहेत.

ते परिपत्रक असे असावे की, राज्यातील प्रत्येक मनोरंजन-उद्यानाने दारापासून शेवटच्या खेळापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र आणि त्याखाली साध्या मराठीत दोन ओळी, म्हणजे येथे आवाज किती, अंधार आहे काय, पाणी उडते काय, किती वेळ थांबावे लागते आणि मधून बाहेर कसे पडावे, असे पत्रक तिकीटविक्रीच्या जागीच, तिकिटाच्या आधी, सर्वांस उपलब्ध करावे. त्या दिवशी कोणता खेळ दुरुस्तीसाठी बंद आहे ते सकाळीच जाहीर करावे, कारण पट्ट्यावर लावलेले चित्र खोटे ठरणे ही आमच्या घरात साधी गोष्ट नसते. पंखा आणि बाक असलेली, गाणे न वाजणारी एक खोली राखून ठेवावी. दाखला असलेल्या मुलाचा डबा अडवू नये. आणि अर्ध्या तासात मुलाला घेऊन परतावे लागले तर तेच तिकीट दुसऱ्या एखाद्या दिवशी चालू द्यावे. तिकिटात सूट मिळाली तर ती आम्ही नाकारणार नाही, परंतु ती ह्या मागण्यांच्या बदली देऊ केली तर घेणार नाही. उद्यान उघडण्यापूर्वीचा एक तास महिन्यातून एखादे वेळी ह्या मुलांसाठी, संगीत बंद ठेवून, राखता आला तर उत्तम. खर्च कितीसा, हे ह्या धंद्यातल्या माणसांनी यात्रेतल्या पाळणेवाल्यांना विचारावे.

आणखी एक, आणि हे सर्वांत सोपे. शासनाने २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले आहे, आणि ओतूरनजीक आंबेगव्हाण येथे बिबट सफारी होऊ घातली आहे. तेथील बंद गाडीत मुलांना किती वेळ बसावे लागेल, गाडी कोठे थांबेल, मध्येच उतरण्याची सोय असेल काय, प्रतीक्षागृहात ध्वनिक्षेपक कोठे लागतील, ह्या गोष्टी इमारत उभी राहिल्यावर बदलावयाच्या झाल्या तर निविदा काढाव्या लागतात. आज त्या कागदावर पेन्सिलीने बदलता येतील. सबब ह्या पत्राची एक प्रत आपल्या शिफारशीसह वनखात्याकडे रवाना व्हावी. पत्रकाचा दोन पानी मसुदा सोबत जोडला आहे. त्यातील चित्रे सूनबाईंची आणि मजकूर माझा असून, दोन्हींत फेरफार करण्यास आमची हरकत नाही. उत्तर लेखी मिळावे.



आपला नम्र,
एक निवृत्त अव्वल कारकून, आळे